सोनेच जेव्हा कसोटी होते

घराच्या जाळीतून उन्हाचा कवडसा आत येतो आणि त्यात धुळीचे असंख्य कण तरंगताना दिसतात. आपल्या प्राचीन विचारवंतांनी या साध्या दृश्याकडे बारकाईने पाहिले. डोळ्यांना दिसू शकणारा सर्वांत लहान कण तो हाच, असे मानून त्यांनी त्याला ‘त्रसरेणू’ हे नाव दिले आणि त्याच्याही पलीकडे न दिसणारा परमाणू असला पाहिजे, असे अनुमान वैशेषिक दर्शनाने मांडले. हे आजच्या अर्थाचे अणुविज्ञान नव्हते, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. परंतु एक गोष्ट त्या निरीक्षणात निश्चितच होती. वस्तू कितीही सूक्ष्म असो, तिच्यावर पडून विखुरलेला प्रकाश तिचे अस्तित्व सांगू शकतो, हा अनुभव तेथे नोंदला गेला होता.

हाच अनुभव आज कोठवर जाऊन पोहोचला आहे? सोन्याच्या एका अतिसूक्ष्म कणावर प्रथिनाचा एकच रेणू येऊन बसला, तर त्या कणाने विखुरलेल्या अथवा शोषलेल्या प्रकाशात पडणारा फरक आज मोजता येतो. पाण्याच्या एका थेंबात किती रेणू असतात, याची कल्पना केली म्हणजे या गोष्टीचे महत्त्व ध्यानात येईल. दीडावर एकवीस शून्ये इतक्या संख्येच्या आसपास ते भरतात. अशा विराट गर्दीतील एक रेणू वेगळा काढून त्याची चाहूल घेणे म्हणजे काय साधना असेल! हे साधण्याच्या मार्गावर एका महान भारतीयाचे पाऊल उमटलेले आहे. त्याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असलाच पाहिजे. प्रश्न इतकाच आहे की, त्या अभिमानाचे आपण पुढे काय केले?

सरासरीच्या आड दडलेले सत्य

एकच रेणू पाहण्याची एवढी खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. रसायनशास्त्राने दोन शतके जे मोजले, ते कोट्यवधी रेणूंच्या समूहाचे मोजमाप होते. समूहाचे मोजमाप म्हणजे सरासरी. एखाद्या गावाचे सरासरी उत्पन्न पाहून त्या गावात कोण उपाशी झोपतो, हे कळत नाही. रेणूंचेही तसेच आहे. १९९८ मध्ये सनी शी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलेस्टेरॉलवर क्रिया करणाऱ्या एका विकराचे रेणू एकेक करून न्याहाळले, तेव्हा असे आढळले की, एकाच रेणूच्या कामाचा वेग सदा सारखा राहत नाही. तो कधी जलद चालतो, कधी मंदावतो. सरासरीत हे सारे पुसले जाते. रोगनिदानाच्या दृष्टीनेही हा विषय जिव्हाळ्याचा आहे. अनेक रोगांच्या प्रारंभी रक्तातील खुणेची प्रथिने अत्यल्प असतात. ती संख्येने वाढून नेहमीच्या तपासणीत दिसू लागेपर्यंत रोगाने मूळ धरलेले असते.

असे असले तरी एक रेणू वेगळा पाहता येईल, यावर थोरामोठ्यांचाही विश्वास नव्हता. पुंजयांत्रिकीचे एक प्रवर्तक एर्विन श्रोडिंगर यांनी १९५२ मध्ये लिहिले होते की, आपण एका सुट्या इलेक्ट्रॉनवर, अणूवर वा रेणूवर प्रत्यक्षात कधी प्रयोग करीतच नाही. त्यानंतर ३७ वर्षांनी, १९८९ मध्ये, अमेरिकेत आयबीएमच्या अल्माडेन येथील प्रयोगशाळेत विल्यम मोर्नर आणि लोथार काडोर यांनी अतिशीत स्फटिकातील एका रेणूचे प्रकाशशोषण नोंदले. पुढच्याच वर्षी फ्रान्समधील बोर्दो येथे मिशेल ओरी आणि जॅक बर्नार यांनी एका रेणूने स्वतः उत्सर्जित केलेला प्रकाश पाहिला. मोर्नर यांना २०१४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला, तो या कार्याच्या परंपरेतूनच.

मात्र या मार्गात एक अडचण होती. शरीरातील बहुतेक प्रथिने अशी स्वयंप्रकाशी नसतात. त्यांना चमकणाऱ्या रंगद्रव्याची खूण बांधावी लागते. ते रंगद्रव्यही प्रखर प्रकाशात थोड्याच वेळात विझून जाते. शिवाय खूण बांधलेला रेणू मूळच्या रेणूसारखाच वागेल, याची शाश्वती काय? खूण न बांधता रेणू ओळखायचा असेल, तर दुसरा कोणी साक्षीदार हवा. तो साक्षीदार सोन्याच्या रूपाने मिळाला.

लाल सोन्याची कथा

सोने पिवळे असते, हे आपण लहानपणापासून जाणतो. परंतु सोन्याचे कण काही दशक नॅनोमीटरइतके लहान केले, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या सहस्रांश भागाहूनही लहान केले, तर त्यांचे पाण्यातील मिश्रण माणकासारखे लाल दिसते. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे यांनी सोन्याच्या क्षारापासून असे लाल द्रव तयार केले आणि १८५७ मध्ये त्यावर व्याख्यान दिले. हा रंग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचाच आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. ते कण पाहण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते. त्यांनी काय केले? त्या द्रवातून प्रकाशाचा झोत सोडला आणि झोताचा मार्ग उजळलेला पाहिला. जाळीतून आलेल्या कवडशाचेच हे प्रयोगशाळेतील रूप. त्यांच्या हातच्या त्या लाल द्रवाच्या बाटल्या त्या संस्थेत आजही जपून ठेवलेल्या आहेत.

या लाल रंगाचे गणित जर्मनीतील ग्राइफ्सवाल्ड येथे गुस्ताव मी यांनी १९०८ मध्ये मांडले. त्याचा आशय थोडक्यात असा. धातूमध्ये मोकळे इलेक्ट्रॉन असतात. कण पुरेसा लहान असला म्हणजे प्रकाशलहरीच्या तालावर हे सर्व इलेक्ट्रॉन एकदिलाने मागेपुढे डोलू लागतात. विशिष्ट रंगाच्या प्रकाशाला हे डोलणे सर्वाधिक साथ देते. यालाच अनुनाद म्हणतात. सोन्याच्या लहान गोलकांच्या बाबतीत हा अनुनाद हिरव्या रंगाशी, साधारण ५२० नॅनोमीटर तरंगलांबीशी जुळतो. हिरवा प्रकाश शोषला गेला की उरलेला प्रकाश लाल दिसतो.

हे ज्ञान केवळ ग्रंथातच राहिले, असे नाही. घरच्या घरी गर्भधारणेची खात्री करण्यासाठी औषधाच्या दुकानातून जी पट्टी आणली जाते, त्यापैकी अनेक पट्ट्यांवर उमटणारी लाल रेघ सोन्याच्या नॅनोकणांचीच असते. करोनाच्या काळात लक्षावधी कुटुंबांनी ज्या झटपट चाचण्या केल्या, त्यांतील कित्येक पट्ट्यांवरही हेच सोने काम करीत होते. आपल्या घरात दागिन्यांखेरीज या रूपानेही सोने येऊन गेले, याची किती जणांना जाणीव असेल?

परंतु पट्टीवरची रेघ डोळ्यांना दिसण्यासाठी कोट्यवधी कण एकत्र यावे लागतात. एका कणाने एका रेणूची साक्ष देणे, ही त्यापुढची पायरी होय.

तबल्यावरची शाई

ही पायरी समजून घेण्यास आपल्या ओळखीचे उदाहरण घेऊ. तबल्याच्या पुडीवर मधोमध शाई असते. त्या शाईच्या वजनामुळे पुडीचा नाद बदलतो आणि तिला सुरेलपणा येतो. शाईचा थर थोडा जरी कमी-अधिक झाला, तरी जाणत्या कानाला सूर हललेला समजतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी मृदंग आणि तबला या वाद्यांच्या याच गुणाचा शास्त्रीय अभ्यास केला होता आणि १९२० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात त्यावर टिपण प्रसिद्ध केले होते.

सोन्याचा कण म्हणजे जणू प्रकाशाचा तबला. त्याचा सूर म्हणजे त्याचा अनुनादी रंग. त्याच्या पृष्ठभागाशी पाण्याऐवजी प्रथिनाचा रेणू आला, की तेथील अपवर्तनांक किंचित बदलतो आणि सूर किंचित उतरतो, म्हणजेच रंग तांबड्या बाजूस सरकतो. कण गोल न ठेवता दांडीसारखा लांबट केला, तर दोन्ही टोकांशी प्रकाशाचे क्षेत्र विलक्षण एकवटते. इमारतीवरील वीजवाहकाच्या टोकाशी विद्युत्क्षेत्र एकवटते, तसेच हे. त्या टोकाशी येऊन बसलेला रेणू लपून राहू शकत नाही.

हॉलंडमधील लायडन विद्यापीठात पीटर झाइल्स्ट्रा, पेद्रो पाउलो आणि मिशेल ओरी यांनी हेच केले आणि २०१२ मध्ये ते प्रसिद्ध केले. सुमारे ३० नॅनोमीटर लांब आणि १० नॅनोमीटर जाड अशी सोन्याची एक दांडी त्यांनी काचेवर स्थिर केली. तिच्यावर बायोटिन या जीवनसत्त्वाचे रेणू लावले, कारण काही प्रथिने बायोटिनला घट्ट धरून बसतात. मग एका लेसरने दांडी हलकेच तापवायची आणि तिच्या भोवतालच्या द्रवात उष्णतेने झालेला बदल दुसऱ्या लेसरने टिपायचा, अशी त्यांची रीत. प्रथिनाचा एकेक रेणू दांडीवर येऊन बसला, तसतशी नोंदीची रेषा पायरीपायरीने सरकली. एक पायरी म्हणजे एक रेणू. त्याच वर्षी जर्मनीतील माइन्झ येथे कार्स्टन झॉनिक्सेन यांच्या गटानेही सोन्याच्या एकट्या दांडीवर खूण न बांधलेल्या एका प्रथिनाचे आगमन नोंदले.

येथे ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की, मिशेल ओरी हे १९९० पासून या एकाच विषयाच्या मागे लागलेले होते. बोर्दोमध्ये २००२ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उष्णतेच्या साहाय्याने सोन्याचे कण पाहण्याची रीत बसवली. लायडनमध्ये २०१० साली एका रेणूचे प्रकाशशोषण सामान्य तापमानात मोजले. २०१२ चे यश हे त्या बावीस वर्षांच्या निष्ठेचे फळ होते. एका प्रकल्पाची मुदत संपली म्हणून विषय सोडून देणाऱ्या व्यवस्थेत असे फळ धरत नाही.

बहूबाजारात पेरलेले बीज

सोन्याची दांडी ‘कोणीतरी आले’ एवढेच सांगते. ‘कोण आले’ हे सांगण्यासाठी रेणूच्या स्वभावाची ओळख पटवणारा प्रकाश हवा. त्या प्रकाशाचा शोध मात्र आपल्या भूमीत लागला आहे.

२८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यातील २१०, बहूबाजार मार्ग या पत्त्यावरील संस्थेत रामन आणि त्यांचे सहकारी के. एस. कृष्णन यांनी पाहिले की, द्रवातून विखुरलेल्या प्रकाशात मूळ रंगाखेरीज काही नवे रंगही उमटतात. प्रकाशकण रेणूला थोडी ऊर्जा देतो अथवा त्याच्याकडून घेतो आणि त्याचा रंग बदलतो. प्रत्येक रेणूची देवाणघेवाण वेगळी, म्हणून उमटणाऱ्या रेषाही वेगळ्या. जणू बोटांचे ठसेच. रामन यांची साधने कोणती होती? सूर्यप्रकाश, तो एकवटण्यासाठी दुर्बीण, काही रंगीत काचा आणि स्वतःचे सरावलेले डोळे. १९३० मध्ये या शोधास नोबेल पारितोषिक मिळाले.

ही संस्था कोणाची होती, हेही आवर्जून सांगितले पाहिजे. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी समाजाकडे वर्षानुवर्षे आवाहन करून, देणग्या गोळा करून, १८७६ मध्ये ती उभारली. परकीय सत्तेच्या काळात भारतीयांनी भारतीयांच्या बळावर मूलभूत विज्ञानासाठी उभारलेले ते एक तीर्थस्थानच होते. रामन १९०७ मध्ये तेथे पोहोचले, ते सरकारी अर्थखात्यातील अधिकारी म्हणून. मध्यंतरी रंगून आणि नागपूर येथे झालेल्या बदल्यांचा काळ सोडला, तर कचेरीच्या वेळेआधी आणि नंतर तेथे जाऊन ते प्रयोग करीत. महेंद्रलाल १९०४ मध्येच निवर्तले होते. आपण लावलेल्या झाडाला असे फळ धरेल, हे त्यांना पाहावयास मिळाले नाही. पण झाड त्यांनी लावले होते.

रामन परिणामाचा प्रकाश फार क्षीण असतो. सुमारे कोटीभर विखुरलेल्या प्रकाशकणांमागे एखादाच रंग बदलतो. एका रेणूचा रामन प्रकाश पाहणे म्हणूनच अशक्यप्राय वाटत होते. येथे पुन्हा धातू मदतीस आला. १९७४ मध्ये इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथे फ्लाइशमन, हेंड्रा आणि मॅक्विलन यांना खडबडीत केलेल्या चांदीवरील रेणूंचा रामन प्रकाश अनपेक्षितपणे प्रखर दिसला. रेणूंची संख्या वाढल्यामुळे तसे झाले असावे, असे त्यांना वाटले. १९७७ मध्ये अमेरिकेत जीनमेर आणि व्हॅन डाइन यांनी आणि इंग्लंडमध्ये अल्ब्रेक्ट आणि क्राइटन यांनी दाखवून दिले की, कारण निराळे आहे. धातूच्या पृष्ठभागाशी प्रकाशच लाखो पटींनी बलवान होतो. चांदी या कामी सोन्याहून सरस ठरते, पण ती काळवंडते. सोने हवेत-पाण्यात टिकून राहते आणि गंधकयुक्त रेणू त्याला घट्ट चिकटवता येतात. म्हणून जैविक कामासाठी सोन्याकडेच वळावे लागते.

१९९७ मध्ये निए आणि एमोरी यांनी, तसेच काट्रिन क्नाइप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतंत्रपणे जाहीर केले की, चांदीच्या नॅनोकणांवर एकाच रेणूचा रामन प्रकाश दिसला आहे. जगभर वाहवा झाली. पण पुढे काय घडले? शास्त्रज्ञांनी प्रश्न विचारला की, दिसला तो खरोखर एकच रेणू होता, हे कशावरून? नमुना फार विरल होता, एवढ्यावरून अनुमान काढलेले होते. न्यूझीलंडमधील वेलिंग्टन येथे ल रू आणि एचेगॉइन यांच्या गटाने २००६ मध्ये एक साधी पण अचूक युक्ती वापरली. दोन वेगवेगळी रंगद्रव्ये एकत्र मिसळायची. अनेक रेणू दिसत असतील, तर दोघांच्या खुणा एकत्र दिसतील. एकच दिसत असेल, तर प्रत्येक वेळी या तरी किंवा त्या तरी रंगद्रव्याची खूण दिसेल. २००७ मध्ये व्हॅन डाइन यांच्या गटाने एकाच रंगद्रव्याची दोन रूपे घेऊन, एकात हायड्रोजनच्या काही अणूंच्या जागी त्याचा जड भाऊ ड्यूटेरियम बसवून, हीच परीक्षा अधिक काटेकोरपणे पार पाडली. एक रेणू दिसतो, हे तेव्हा कोठे शंकेपलीकडे सिद्ध झाले. प्रकाश एकावर चौदा शून्ये इतक्या पटींनी वाढतो, हा आरंभीचा अंदाज मात्र टिकला नाही. त्याहून बरीच कमी वाढही पुरेशी असते, असे पुढील मोजमापांत आढळले.

दावा खरा होता, तरीही त्याला दहा वर्षे कसोटीवर घासण्यात आले. त्यामुळे त्याचे तेज कमी झाले नाही. उलट ते वाढले.

वारसा कशाचा?

आता आपल्याकडे वळू. ‘आमच्या पूर्वजांना नॅनोतंत्रज्ञान अवगत होते, स्वर्णभस्म हा त्याचा पुरावा’ अशा आशयाचे संदेश आपल्या हातातील फोनवर वरचेवर येतात. वाचून छाती फुलते आणि संदेश पुढे धाडला जातो. त्यात तथ्य नाहीच, असेही नाही. आधुनिक उपकरणांनी स्वर्णभस्माचे नमुने तपासले असता त्यात नॅनोमीटर मापाचे सोन्याचे स्फटिक आढळल्याचे शोधनिबंध प्रसिद्ध झालेले आहेत. परंतु रोमन साम्राज्यातील चौथ्या शतकातील एक काचेचा पेला लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात आहे. समोरून प्रकाश पडला तर तो हिरवा दिसतो आणि आतून प्रकाश आला तर लाल. त्या काचेतही सोन्याचांदीचे नॅनोकण आहेत. म्हणून रोमन कारागिरांना मी यांचे गणित ठाऊक होते, असे कोणी म्हणत नाही. वस्तू बनवता येणे आणि ती का तशी झाली हे जाणणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

मग रसशास्त्रातून आपण अभिमानाने काय घ्यावे? त्याचे उत्तर रसशास्त्रानेच दिलेले आहे. भस्म सिद्ध झाले किंवा नाही, हे वैद्याच्या शब्दावर सोडलेले नव्हते. त्याच्या परीक्षा ठरलेल्या होत्या. ते स्थिर पाण्यावर तरंगले पाहिजे, ही वारितर परीक्षा. चिमटीत चोळले असता बोटांच्या रेषांत शिरले पाहिजे, ही रेखापूर्ण परीक्षा. त्यात धातूची चमक उरता कामा नये, ही निश्चंद्र परीक्षा. आणि ठराविक द्रव्यांसह पुन्हा तापवले असता ते मूळ धातूत परतता कामा नये, ही अपुनर्भव परीक्षा. ज्यांनी भस्मालाही परीक्षेवाचून स्वीकारले नाही, त्यांच्या नावाने आपण परीक्षेवाचून दावे करावेत, हा कोठला पूर्वजांचा सन्मान? खरा वारसा या चार परीक्षांच्या मागील वृत्तीचा आहे. वेलिंग्टनमध्ये दोन रंगद्रव्ये मिसळणारा संशोधक तीच वृत्ती चालवत होता. आपण नुसता संदेश पुढे पाठवला, तर आपण ती सोडून दिली, असाच त्याचा अर्थ होतो.

अवाजवी दाव्याने आणखी एक हानी होते. ‘हे सारे आमच्याकडे होतेच’ असे एकदा मानले, की नव्याने करण्यासारखे काही उरत नाही. अभिमान ही प्रेरणा न राहता विश्रांती बनते. स्वाभिमानी समाजाला ही विश्रांती परवडणारी नाही.

मुळांना पाणी

आपल्याकडे क्षमता नाही, असे कोणी समजू नये. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या परसात उगवणाऱ्या गवती चहाच्या पानांचा अर्क वापरून सोन्याचे त्रिकोणी नॅनोकण तयार केले. २००४ मध्ये ‘नेचर मटेरियल्स’ या नियतकालिकाने ते संशोधन प्रसिद्ध केले. चेन्नईच्या आयआयटीत टी. प्रदीप यांनी धातूंच्या नॅनोकणांचा उपयोग पिण्याच्या पाण्यातील कीटकनाशके काढून टाकण्यासाठी केला. केंद्र शासनाने २००७ मध्ये पाच वर्षांसाठी १००० कोटी रुपयांचे नॅनो मिशन हाती घेतले आणि त्यातून अनेक प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. हे सारे गौरवास्पद आहे.

तथापि चित्राची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. संशोधन आणि विकासावरील आपला खर्च २०२०-२१ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता. चीन दोन टक्क्यांच्या पुढे केव्हाच गेला आणि दक्षिण कोरिया चार टक्क्यांच्याही वर आहे. हा दोष एकट्या शासनाचा नाही. त्या देशांत उद्योगांचा वाटा मोठा असतो. आपल्याकडे बहुतांश भार सरकारी तिजोरीवरच पडतो. २०२३ मध्ये कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाकडून म्हणूनच मोठ्या अपेक्षा आहेत. त्यात उद्योगांनी आपला वाटा खरोखर उचलला, तरच त्या फळास येतील.

मनाला अधिक टोचणारी गोष्ट उपकरणांची आहे. आपल्या विद्यापीठांत, संशोधन संस्थांत रामन वर्णपटमापक असतो. त्याच्यावर नाव रामन यांचे असते. पण मोजके अपवाद वगळले तर उपकरण इंग्लंड, जपान, अमेरिका वा युरोपातून आणलेले असते. त्यातील लेसर बाहेरचा, जाळी बाहेरची, प्रकाश टिपणारा संवेदक बाहेरचा. बिघाड झाला की सुट्या भागाची वाट पाहत विद्यार्थ्याचे महिने वाया जातात. शोध आपला आणि त्याचे साधन मात्र परक्याचे, ही स्थिती स्वदेशीचा उच्चार करणाऱ्या प्रत्येकाला अस्वस्थ करणारी वाटली पाहिजे. परकीय वस्तूंवर बहिष्काराची घोषणा देणे सोपे आहे. उत्तम काच घासणारा, भिंग बसवणारा, शंभर वेळा मोजून यंत्र जुळवणारा तंत्रज्ञ घडवणे कठीण आहे. परंतु खरी स्वदेशी ती तीच.

२८ फेब्रुवारी २०२८ या दिवशी रामन परिणामाला शंभर वर्षे पूर्ण होतात. १९८७ पासून हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून साजरा होतो. शताब्दीला भाषणे होतील, प्रतिमांना पुष्पहार पडतील. तेवढ्यावर समाधान मानायचे काय? निदान तीन गोष्टी आपल्या हातात आहेत.

पहिली गोष्ट शाळांची. विज्ञान दिनी मुलांनी रामन यांच्यावर पाठ केलेले भाषण म्हणावे, त्याऐवजी अंधाऱ्या खोलीत पाण्यात दुधाचे दोन थेंब टाकून प्रकाशाचा झोत कसा विखुरतो, ते पाहावे, मोजावे, वहीत लिहावे. मोजण्याची गोडी एकदा लागली, की ती जन्मभर सुटत नाही.

दुसरी गोष्ट कुटुंबांची. घरातील हुशार मुलाने अथवा मुलीने भौतिकशास्त्र वा रसायनशास्त्र घ्यायचे म्हटले, की घरात काळजीचे सावट पसरते. ‘पुढे काय?’ हा प्रश्न आईवडिलांच्या मायेतूनच येतो, हे खरे. पण प्रत्येक घराने हाच प्रश्न विचारून मुलाला परत फिरवले, तर पुढच्या पिढीचे रामन कोणत्या घरातून येणार? मूलभूत विज्ञानाकडे वळणाऱ्या मुलाच्या पाठीशी उभे राहणे, हीदेखील राष्ट्रसेवाच आहे, अशी धारणा आपल्या घरांत रुजली पाहिजे.

तिसरी गोष्ट समाजाची. आपला समाज दानशूर आहे. मंदिरे, धर्मशाळा, रुग्णालये, वसतिगृहे लोकांच्या देणग्यांतून उभी राहतात. महेंद्रलाल सरकारांनी प्रयोगशाळेसाठी झोळी पसरली, तेव्हाही हाच समाज होता आणि त्याने ती भरली. एखाद्या जिल्ह्याच्या महाविद्यालयास एक चांगले सूक्ष्मदर्शक देणे, एखाद्या तरुण तंत्रज्ञाला उपकरण बनवण्यासाठी दोन वर्षे निर्वाहाची हमी देणे, हे मध्यम गावातील व्यापारी मंडळालाही अशक्य नाही. फळ दहा वर्षांत दिसणार नाही, कदाचित देणाऱ्याच्या हयातीतही दिसणार नाही. फॅरडे यांच्या लाल बाटलीपासून लायडनच्या दांडीपर्यंत १५५ वर्षे गेली, हे विसरता कामा नये.

एका रेणूचे मोल ज्याला कळले, त्याला गर्दीचे भय उरत नाही. कोटीकोटींच्या समूहातूनही तो नेमके सत्य वेचून काढतो. आपण पिढ्यानुपिढ्या सोने कसोटीवर घासून पारखत आलो. आज सोनेच कसोटी होऊन सत्य पारखत आहे. त्या कसोटीवर उतरणारे काम आपल्या प्रयोगशाळांतून आणि आपल्या घरांतील मुलांच्या हातून व्हावे, यासाठी आजच कामाला लागले पाहिजे. शताब्दीचा दिवस कोणासाठी थांबणार नाही.